दोघींचा एक वर्ग, सहा दिवसांचा पगार

प्रश्न : चौदा वर्षं प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. पक्षाघातानंतर आईचं सगळं मलाच बघावं लागतं. मी तीन दिवस शिकवेन, उरलेले दोन दिवस सहकारी शिक्षिका घेईल, असं आम्ही दोघींनी सुचवलं. मुख्याध्यापकांना पटलं, पण ‘जादा खर्चाला तरतूद नाही’ म्हणाले. यासाठी सरकारी अनुदान मागणं वावगं आहे का ताई?

उत्तर : मुळीच नाही. फक्त नेमकं कशासाठी मागताय, ते स्पष्ट हवं.

मी मुख्याध्यापिका असताना असाच अर्ज आला होता. तीन अधिक दोन, पाचच दिवस; खर्च वाढतोय कुठे, म्हणून मी लगेच होकार दिला. दीड महिन्यात घडी विस्कटली. झालेला पाठ पुन्हा शिकवला जायचा, पालकांना कोणाला भेटायचं ते कळेना. मग बुधवारी दोघींनाही बोलवायला लागले. त्यांच्या वहीतली एक नोंद मला अजून आठवते : ‘वजाबाकीत दशक सुटा करते, पण दशकांतून एक कमी करायला विसरते. रागावू नये, मणी द्यावेत.’ पुढच्याच दिवशी त्या मुलीपुढे मणी होते. वर्ग सावरला तो या बुधवारमुळे. पण त्यामुळे दोघींचे मिळून सहा दिवस झाले आणि तो सहावा दिवस मी फुकट करून घेतला, ही माझी चूक होती. सार्वजनिक पैसा लागतो तो या दिवसासाठी.

इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक वेळ मागता येते, शिक्षकांनाही. मात्र तिथला कायदा मागण्याचा हक्क देतो, मिळण्याचा नाही. नकाराच्या मान्य कारणांत ‘जादा खर्चाचा बोजा’ हेही आहे. म्हणजे तुमच्या मुख्याध्यापकांचंच कारण! तिथल्या शिक्षण खात्याने अनुभवी शाळांना पैसे देऊन इतर शाळांना मार्गदर्शन करायला लावलं. चांगलंच केलं, पण सल्ल्यातून बुधवारचा पगार निघत नाही.

तेव्हा नव्या वर्षाचं वेळापत्रक लागण्याआधी अर्ज द्या. सोबत आठवड्याचा तक्ता जोडा, एकत्र दिवस ठळक करा आणि त्या एका दिवसाचाच खर्च मागा. तीन दिवसांच्या नोकरीत निवृत्तिवेतन आणि सेवाज्येष्ठता कशी धरणार, हे मात्र सही करण्याआधी लेखी घ्या. आमच्याकडे ते राहून गेलं आणि त्या बाईंना फार त्रास झाला.