शेकाटे वाढले, हायड्रिला कुठे गेला?

प्रश्न : बाई, मी सूस रस्त्याला राहते आणि गेली सहा वर्षं रोज सकाळी पाषाण तलावाच्या काठानं फिरायला जाते. यंदा तलाव हिरवागार आहे, जलपर्णीला जांभळी फुलं आली आहेत, पक्षीही पुष्कळ दिसतात. आमच्या गटातल्या काही जणी म्हणतात, तलाव सुधारला. मला मात्र वास खटकतो. पाणी तपासायला न देता, नुसतं बघून तलावाची तब्येत कळते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, कळते. आणि तो वास तुम्हाला खटकतोय ना, मग मैत्रिणी काहीही म्हणोत, तुमचं म्हणणं सोडू नका.

बाटलीत भरून नेलेलं पाणी त्या एका सकाळची हकीकत सांगतं. पाण्यातली वनस्पती मात्र महिनोन्‌महिने तिथेच असते, मिळेल ते खाते आणि खाल्लेलं अंगावर दाखवते. जलपर्णीचंच बघा. काठाशी आलेलं एक रोप काठीनं ओढून घ्या आणि उलटं करा. (पाण्यात उतरू नका, हातमोजे घाला.) खाली काळपट, पिसासारखी मुळं दिसतील. पाण्यात खाद्य कमी असलं की ही मुळं लांबच लांब वाढतात आणि पानं बेताची राहतात. खाद्य मुबलक असलं की मुळं आखूड, देठ-पानं भरघोस. मागच्या हिवाळ्यात मी एक रोप पट्टीनं मोजलं होतं. देठ दोन फुटांच्या वर, मुळं जेमतेम वीतभर. हे खाद्य म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि शहरात ते येतं आपल्या मोऱ्या-संडासांतून. पाषाण तलाव राम नदीवर आहे. नदी वस्त्यांमधून वाहत येते, तेव्हा वरच्या घरांतून जे सुटतं ते तलावात उतरतं.

फुलं देखणी असतात, मलाही आवडतात. पण अनुकूल हवेत ही वनस्पती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिची चादर पडली की खाली ऊन पोचत नाही, वाऱ्यानं पाणी हलत नाही आणि कुजणारी पानं उरलासुरला प्राणवायू संपवतात. तुम्हाला येतो तो वास या कुजण्याचा आणि सांडपाण्याचा.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग तुम्हीही केला असेल : बीकरमध्ये हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्या, त्यावर उपडं नरसाळं, वर पाण्यानं भरलेली परीक्षानळी, आणि उन्हात ठेवलं की बारीक बुडबुड्यांची माळ. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या प्रयोगशाळेचे शिपाईमामा जवळच्या ओढ्यातून घमेलंभर हायड्रिला पंधरा मिनिटांत आणायचे. पुढे त्यांना सायकलवरून लांब जावं लागायला लागलं. एका वर्षी ते रिकामं घमेलं घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, पाणी आहे, पण तळ दिसत नाही.” मला ते वाक्य अजून ऐकू येतं. हायड्रिला बुडालेला वाढतो, म्हणजे त्याच्यापर्यंत ऊन पोचायला हवं. पाणी गढूळ किंवा हिरवं झालं की आधी या बुडालेल्या वनस्पती जातात, आणि त्या वरून दिसत नसल्यामुळे गेल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. अति खताच्या पाण्यात हायड्रिलाही माजतो हे खरं आहे, पण पुण्याच्या आसपास तो नुसता दिसला तरी मला आनंद होतो.

काठही बघा. चांगल्या तळ्याचा काठ उतरता असतो : आधी गवत आणि लव्हाळा, मग पाणकणीस, मग कुमुदाची तरंगती पानं, त्यापुढे मोकळं पाणी. प्रत्येक पट्ट्यात वेगळा पक्षी. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, तरंगत्या पानांवर कमळपक्षी, ओल्या चिखलात तुतवार. काठाला दगडी किंवा काँक्रीटची भिंत घातली की हे सगळे पट्टे एका फटक्यात जातात. काठभर नुसता बेशरम माजला असेल तर तेही चांगलं लक्षण नाही.

आता पक्षी. ‘पुष्कळ’ म्हणून भागत नाही, कोण आहे ते लिहा. कमळपक्षी आणि पाणकोंबड्या जलपर्णीवरही निभावून नेतात. टिबुकली, वारकरी (हा काळा पाणपक्षी) आणि हिवाळी बदकांना मोकळं पाणी लागतं, चादर वाढली की ते सरकतात. मी तर सगळ्यांत आधी कवड्या खंड्याला शोधते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा हा पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मासा हेरतो आणि सरळ खाली सूर मारतो. वरून मासा दिसायला हवा आणि मुळात पाण्यात मासा असायला हवा. तो रोज येत असेल तर दोन्ही गोष्टी शाबूत आहेत. टिबुकलीमागे पिल्लं पोहताना दिसली तर तारीख जरूर लिहा, कारण पाहुणा पक्षी दोन दिवस कुठेही टेकतो, पिल्लं वाढवायला मात्र तिथं रोजचं खाणं लागतं.

एका वर्षावरून निकाल देऊ नका. उजनी धरण जानेवारीत काठोकाठ भरलेलं असलं तर त्याच्या काठी भिगवणला चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडत नाहीत आणि रोहित (फ्लेमिंगो) उशिरा किंवा कमी येतात. त्यात पाण्याचा काही दोष नसतो. म्हणून पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहायचीच.

प्रश्न : मी लोणी काळभोरचा, अकरावी सायन्सला आहे. इथे मुळा-मुठा नदीवरच्या कवडी पाटावर शेकाटे शेकड्यांनी असतात, फोटो काढायला लांबून लोक येतात. नदी इतकी घाण असती तर पक्षी आले असते का? (एक विद्यार्थी)

उत्तर : आले असते बाळा, आणि घाणीमुळेच आले असते. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय आणि सुईसारखी चोच तू जवळून पाहिली आहेस. आता तो काय उचलतो ते दुर्बिणीतून बघ. काळ्या गाळात डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या लालभडक अळ्या असतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, आणि त्याच्या जोरावर त्या प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलातही तगतात. मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन तुमच्याकडे येते, अळ्यांना मेजवानी मिळते आणि अळ्यांवर शेकाट्यांना. मासा मात्र अशा पाण्यात टिकत नाही.

म्हणून शेकाट्यांबरोबर नदीसुरयही मोज. पिवळी चोच, करडी पाठ, दुभंगलेली शेपटी. तो मासे खातो आणि उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो, म्हणजे त्याला मासाही हवा आणि वाळूही. शेकाटे वाढत गेले आणि सुरय दिसेनासे झाले, तर तुझ्या वहीत नदीचं दुखणं लिहिलं गेलं असं समज. तुझ्या आजोबांना विचार, पाटावर पूर्वी कुठले मासे मिळायचे. नावं त्यांच्याच शब्दांत लिहून घे.

दोघांनाही सांगते : महिन्यातून दोनदा, एकाच जागी उभं राहून, सकाळचा तोच अर्धा तास. समोरच्या पाण्याचे मनातल्या मनात दहा भाग करा आणि किती भाग जलपर्णीखाली आहेत ते लिहा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून चालू आहे. त्या दिवसांत तुमची एक मोजणी येईल असं बघा. आणि ताई, तलावात कुठे हायड्रिला सापडला, तर कोणत्या काठाला ते मला लगेच कळवा. गुडघे दुखतात, तरी मी बघायला येईन.