प्रदूषण मंडळाची नोटीस आली आहे, उत्तरात नेमकं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत क्रोम आणि निकेल प्लेटिंगचं लहान युनिट आहे. मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्यानं ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) आउटलेटवरून नमुना नेला. अहवालात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) 0.8 आणि सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) 340 मिलिग्रॅम प्रति लिटर निघाला. संमतीपत्रातली मर्यादा अनुक्रमे 0.1 आणि 250 आहे. आता जल कायद्याच्या कलम 33-अ खाली, युनिट बंद का करू नये अशी 15 दिवसांची नोटीस आली आहे. कन्सल्टंट म्हणतो, 'चूक झाली, यापुढे काळजी घेऊ' एवढं पत्र द्या, विषय मिटेल.

तसं पत्र अजिबात देऊ नका. त्यात चूक कबूल होते, पण ती कशामुळे झाली, दुरुस्त झाली का आणि कोणत्या तारखेला झाली, यातलं काहीच कागदावर येत नाही. पुढे बंदचा आदेश निघाला, भरपाईची आकारणी झाली किंवा खटला झाला, तर तुमच्या बाजूनं फाइलमध्ये फक्त ती कबुली उरते.

आधी अहवाल नीट वाचा, कारण या दोन आकड्यांमध्येच कारण सापडतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम वाढला आणि सोबत सीओडीही वाढला, तर बहुतेक वेळा रिडक्शन टाकीचा, म्हणजे जिथे हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं कमी घातक रूप करतात तिचा, पीएच चढलेला असतो. तिथे टाकायची सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर क्रोमियमवर झपाट्यानं काम करते ती पीएच 2 ते 2.5 च्या आसपास. पीएच 4-5 वर गेला की अभिक्रिया इतकी मंदावते की पाण्याचा पिवळेपणा जातच नाही. ऑपरेटरला वाटतं पावडर कमी पडली, म्हणून तो आणखी दोन मग टाकतो. क्रोमियम तसाच राहतो आणि न वापरलेलं सल्फाइट पाण्याबरोबर बाहेर जातं. सल्फाइट ऑक्सिजन खातं, म्हणून प्रयोगशाळेत ते सीओडी म्हणून दिसतं. हिशेबानं 1 किलो क्रोमियमला साधारण पावणेतीन किलो मेटाबायसल्फाइट पुरतं. प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं, पण तुमच्या खरेदीच्या बिलांवरून याच्या तिप्पट-चौपट खप दिसत असेल, तर दोष पीएचमध्येच आहे.

आजच करायची तपासणी अशी. पीएच मीटर 4 आणि 7 च्या बफरवर लावून घ्या. ओआरपीचा (रिडक्शन कितपत झालं ते मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा) प्रोब काढून पाहा, त्यावर गाळाचा थर बसला असेल तर तो दाखवतोय तो आकडा निरुपयोगी आहे. सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच 2.5 च्या खाली आणा, मेटाबायसल्फाइट थोडं थोडं टाका, ओआरपी साधारण 250 ते 300 मिलिव्होल्टपर्यंत उतरेपर्यंत ढवळा आणि किमान 20 मिनिटं थांबा. पाणी पिवळ्याचं हिरवट-निळसर व्हायला हवं. डोळ्यांवर विसंबू नका, डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाकून बघा. गुलाबी-जांभळा रंग आला तर हेक्साव्हॅलंट अजून शिल्लक आहे. मगच चुना किंवा कॉस्टिकनं पीएच 8 ते 8.5 वर नेऊन गाळ बसवा. निकेल बसायला याहून चढा पीएच लागतो, त्यामुळे त्याचा प्रवाह वेगळा ठेवलेला बरा. उरलेलं सल्फाइट एअरेशननं जातं. रिडक्शनच्या वेळी पीएच 2.5 च्या खाली असताना टाकीतून सल्फर डायऑक्साइडचा वास येतो, तेव्हा तिथे हवा खेळती हवी. आणि तुमच्याकडे सायनाइडचा कोणताही बाथ असेल, तर त्याचं धुवणाचं पाणी या आम्ल टाकीकडे एक थेंबही वळता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो आणि माणूस जागेवर दगावतो.

आता कायद्याची बाजू. नमुना घेतला त्या दिवशी काय काय झालं, हे आठवून आजच लिहून ठेवा. कलम 21 प्रमाणे नमुना तपासणीसाठी घेत असल्याची सूचना तिथल्या तिथे द्यावी लागते. तुम्ही मागणी केलीत तर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, दोन्ही डब्यांवर खूण, सील आणि दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, आणि दुसरा भाग राज्य जल प्रयोगशाळेकडे पाठवायची विनंती तुम्ही करू शकता. त्या तपासणीचा खर्च तुमचा. दोन अहवालांत फरक पडला तर राज्य जल प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरला जातो. इथेच बहुतेक उद्योजक अडकतात: हजर राहून दोन भागांची मागणी केली नाही, तर एकाच डब्यातला नमुना कायद्यानं चालतो. पुढच्या वेळी जेव्हीएसच्या (नमुना घेताना मंडळ भरून घेतं त्या) फॉर्मवर सही करताना त्याच कागदावर 'नमुन्याचे दोन भाग करावेत अशी विनंती केली' हे एक वाक्य लिहा आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा. ज्याला ईटीपीतलं काही कळत नाही अशा सिक्युरिटी गार्डची सही त्या फॉर्मवर असू नये, एवढी व्यवस्था आधीच करून ठेवा.

ही प्रक्रिया पाळली नसेल, तर तो तपासणी अहवाल न्यायालयीन कार्यवाहीत पुरावा म्हणून चालत नाही, असं कलम 21(2) म्हणतं. खटल्यात हा मुद्दा वजनदार आहे. नोटिशीच्या उत्तरात मात्र तो एका परिच्छेदात नोंदवा आणि पुढे जा. सगळं उत्तर त्याच्यावरच उभं केलंत, तर समोरचा अधिकारी एवढंच वाचतो की यांनी दुरुस्ती केलेली नाही. तसंच 'नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोचला' हा आक्षेप विचार करून घ्या. नमुन्यात सल्फाइट असेल तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम वेळ जाईल तसा घटतो, वाढत नाही. म्हणजे उशिराचा फायदा तुम्हालाच झालेला असतो, आणि हे मंडळाच्या विश्लेषकाला चांगलं माहीत असतं.

उत्तर लेटरहेडवर, भागीदाराच्या किंवा अधिकृत व्यक्तीच्या सहीनं द्या. मराठीत दिलं तरी चालतं. सुरुवातीला नोटिशीचा क्रमांक आणि ती हाती पडल्याची तारीख. मग वस्तुस्थिती, अशा भाषेत: 'अमुक तारखेला रिडक्शन टाकीतील पीएच प्रोब सदोष आढळला. त्यामुळे टाकीतील पीएच आवश्यकतेपेक्षा जास्त राहिला. प्रोब अमुक तारखेला बदलला, बिलाची प्रत जोडली आहे. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत क्रोम लाइन बंद ठेवून सांडपाणी साठवण टाकीत ठेवले.' लाइन खरोखर बंद ठेवली असेल तरच शेवटचं वाक्य लिहा, कारण वीजबिल आणि एमआयडीसीचं पाणीबिल बघून ते तपासता येतं. सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दुरुस्तीनंतरचा अहवाल, ईटीपीच्या लॉगबुकची पानं, रसायनांची बिलं आणि तारीख दिसणारे फोटो जोडा. शेवटी दोन मागण्या स्पष्ट करा: प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, आणि मंडळानं पुन्हा नमुना घ्यावा, तपासणी शुल्क भरायला तयार आहोत.

लॉगबुक रिकामं असेल तर ते आता बसून भरू नका. महिनाभराचे आकडे एकाच पेननं, एकाच हातचे आणि रोज पीएच बरोबर 7.2, असं पान अधिकारी एका नजरेत ओळखतो. मंडळाला खोटी माहिती देणं हे कलम 42 खाली वेगळं प्रकरण होतं, आणि ते मूळ दोषापेक्षा जास्त महाग पडतं. आजपासून खऱ्या नोंदी सुरू करा आणि उत्तरात तसंच सांगा.

'पुन्हा नमुना घ्यावा' या मागणीवर मी एवढा भर देतो त्याचं कारण पैशाचं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रदूषण मंडळं कलम 33-अ खाली पर्यावरणीय भरपाई आकारू शकतात. केंद्रीय मंडळाचं सूत्र असं: प्रदूषण निर्देशांक गुणिले दिवस गुणिले 250 रुपये गुणिले उद्योगाचा आकार गुणिले ठिकाण. लाल, म्हणजे सर्वात प्रदूषणकारी वर्गाला निर्देशांक 80, लघुउद्योगाला 0.5, आणि दहा ते पन्नास लाख लोकसंख्येच्या शहराला 1.25. पिंपरी-चिंचवडमधल्या लहान प्लेटिंग युनिटसाठी हे दिवसाला 12,500 रुपये होतात. यातला दिवसांचा आकडा दोष आढळल्यापासून मंडळानं दुरुस्तीची खातरजमा करेपर्यंत मोजतात. प्रोब तुम्ही सहाव्या दिवशी बदललात आणि पडताळणी साठाव्या दिवशी झाली, तर मधल्या 54 दिवसांचे 6 लाख 75 हजार अंगावर येतात. दुरुस्ती झाली त्याच दिवशी उपप्रादेशिक आणि प्रादेशिक अशा दोन्ही कार्यालयांत पत्र देऊन आवक शिक्का घेतला असेल, ईमेलही केला असेल, तर ते दिवस वगळा असं सुनावणीत ठामपणे मांडता येतं. फोनवर सांगितलेल्याला तिथे काही किंमत नाही.

सुनावणीला कन्सल्टंटला एकटं पाठवू नका. मालकानं किंवा भागीदारानं ईटीपी चालवणाऱ्या माणसाला घेऊन जावं. 'मेटाबायसल्फाइट किती टाकता, कधी टाकता?' या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून सरळ आलं, तर फाइलचा रंग बदलतो. बऱ्याचदा मंडळ बंदऐवजी अटी घालून बँक गॅरंटी मागतं. ती देण्याआधी मुदत आणि जप्तीची अट शब्दन् शब्द वाचा. तीन महिन्यांत बसू शकत नाही अशी यंत्रणा एका महिन्यात बसवण्याचं कबूल केलंत, तर गॅरंटी गेलीच म्हणून समजा. पुरवठादाराचं लेखी वेळापत्रक दाखवून मुदत आधीच वाढवून घ्या.

तपासणीला अधिकारी पुन्हा येईल तेव्हा तो गाळही बघेल. क्रोमियमचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो आणि 2016 च्या नियमांप्रमाणे तो साधारण 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान युनिटला मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते. गोण्यांवर लेबल, वर छप्पर, खाली गळती अडवणारी फरशी हवी. गाळ नेणाऱ्या गाडीची परवानगी आणि फॉर्म 10 मॅनिफेस्टची (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या कागदाची) पिवळी प्रत तुमच्या फाइलला हवी. विल्हेवाट केंद्राकडून निळी प्रत परत आली नसेल तर पाठपुरावा करा, कारण तोवर तो गाळ कुठे पोचला याचा पुरावा तुमच्याकडे नाही. 30 जूनपर्यंत भरायचं फॉर्म 4 (घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण) आणि 30 सप्टेंबरपर्यंतचं फॉर्म 5 (पर्यावरण विवरणपत्र) भरलं आहे का, तेही याच आठवड्यात बघून घ्या.

एवढं करूनही बंदचा आदेश निघालाच, तर वीज आणि पाणी तोडायची पत्रं महावितरण आणि एमआयडीसीला लगेच जातात. त्याविरुद्ध अपील राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे तुमच्यासाठी पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे. मुदत आदेश कळल्यापासून 30 दिवस, आणि सबळ कारण दाखवलंत तर आणखी 60 दिवसांपर्यंत, त्यापुढे नाही. संमतीपत्र नाकारलं किंवा रद्द केलं, तर रस्ता वेगळा आहे: आधी कलम 28 खाली राज्याच्या अपील प्राधिकरणाकडे, तेही 30 दिवसांत. या दोन दारांमध्ये गफलत करून मुदत घालवलेली प्रकरणं कमी नाहीत, म्हणून आदेश हाती पडला की तो कोणत्या कलमाखाली आहे हे आधी वाचा आणि त्याच दिवशी वकिलाकडे जा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, दुरुस्तीचा ताजा अहवाल लावून मंडळाकडे पुन्हा सुरू करण्याचा अर्जही समांतर द्या. लहान युनिटचं काम बरेचदा त्या अर्जावरच होतं.