‘होतो’ दिसला की लगेच ‘हॅड’ नको

भावा, ‘काल रंकाळ्यावर गेलो होतो’ याचं इंग्रजी ‘आय वेंट टु रंकाळा यस्टरडे’. आपल्या ‘होतो’मुळे ‘हॅड गॉन’ लिहायचा मोह होतो, तिथंच गाडी घसरते. ‘हॅड’ला भूतकाळातलाच दुसरा क्षण लागतो, ज्याच्या आधी ते घडलं: ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द कागल बस हॅड लेफ्ट’. म्हणजे बस चुकली. नुसतं ‘लेफ्ट’ ठेवलंस तर तू पोचलास आणि मग बस सुटली, असा अर्थ निघतो. ‘आफ्टर’, ‘बिफोर’ क्रम स्वतःच सांगतात, तिथं साधा भूतकाळ चालतो. ‘व्हाइल’मागे चालू क्रिया: ‘व्हाइल आय वॉज ईटिंग मिसळ, द लाइट्स वेंट आउट’. मध्येच घडलेल्या गोष्टीला ‘वॉज’ चिकटवू नकोस.