'द मिलर्स' ही अमेरिकन विनोदी मालिका दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीलाच का बंद झाली, आणि ती निवृत्त आई-वडिलांसोबत बसून पाहण्यासारखी आहे का?

मालिका बंद पडण्याचे तात्कालिक कारण वेळापत्रक हे होते. मात्र वेळापत्रकातली जागा बदलताच ती तग धरू शकली नाही याचे मूळ तिच्या लेखनात आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचा संबंधही त्या लेखनाशीच असल्यामुळे तो मी शेवटी घेतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र सांगतो. स्थानिक दूरचित्रवाहिनीवर बातमीदारी करणाऱ्या नेथनचा (विल आर्नेट) घटस्फोट झाला आहे, पण आई-वडिलांना धक्का बसेल म्हणून त्याने तो लपवून ठेवला आहे. अखेर ते उघडकीस येते आणि वडील टॉम (बो ब्रिजेस) यांच्यावर त्याचा भलताच परिणाम होतो: मुलगा स्वतःच्या सुखासाठी संसार मोडू शकतो, तर आपण का नाही, असे म्हणून ते ४३ वर्षांच्या संसारातून बाहेर पडतात. आई कॅरल (मार्गो मार्टिंडेल) मुलाच्या घरी मुक्काम ठोकते आणि वडील मुलगी डेबी व जावई अ‍ॅडम यांच्याकडे जाऊन राहतात. आयुष्याच्या उतारावर पोहोचलेल्या जोडप्याने वेगळे होणे आणि त्याची झळ संसारी मुलांना बसणे, ही कल्पना खरोखरच भक्कम होती. लेखक ग्रेग गार्सिया यांना या विषयाचा सरावही होता, कारण आई-वडिलांच्याच घरात राहणाऱ्या तरुण बापावरची त्यांची 'रेझिंग होप' ही मालिका २०१० पासून चार पर्वे चालली.

सीबीएस वाहिनीने ही मालिका ३ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू केली आणि तिला गुरुवारी 'द बिग बँग थिअरी'च्या लगेच नंतरची जागा दिली. त्या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर विनोदी मालिकेला याहून सुरक्षित जागा नव्हती. पहिल्या भागाला एक कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले, २३ भागांचे पहिले पर्व सुरळीत पार पडले आणि दुसऱ्या पर्वाला मंजुरी मिळाली. मात्र २०१४ च्या शरद ऋतूत सीबीएसने गुरुवारच्या रात्रीचे अमेरिकन फुटबॉलचे सामने दाखवायला घेतल्यामुळे सगळ्या मालिकांची हलवाहलव झाली आणि 'द मिलर्स' सोमवारी आली. शेजारची लोकप्रिय मालिका दूर गेल्यावर प्रेक्षक किती आपले आणि किती उसने, हे लगेच कळून आले. दुसऱ्या पर्वाचे अवघे चार भाग दाखवून झाल्यावर नोव्हेंबरमध्ये वाहिनीने मालिका रद्द केली. तयार असलेले उरलेले भाग २०१५ च्या उन्हाळ्यात उरकून टाकण्यात आले, आणि एकूण ३४ भागांवर प्रकरण संपले.

आता लेखनाविषयी. मार्टिंडेल या असामान्य अभिनेत्री आहेत. 'जस्टिफाइड' या मालिकेतील भूमिकेसाठी २०११ मध्ये त्यांना दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला होता. ब्रिजेस यांचाही अनुभव मोठा आणि पहिल्या भागाचे दिग्दर्शक जेम्स बरोज, म्हणजे 'चीअर्स' या गाजलेल्या विनोदी मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक. इतकी माणसे हाताशी असताना लेखकांनी पोटातल्या वायूवरच्या विनोदांवर इतका भर का द्यावा, हे मला उलगडलेले नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होणारी ही मालिकांची जात मुळात रंगभूमीला जवळची आहे: नट हशासाठी थांबतो, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, त्या सांगलीच्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि नटाने मिळवलेला हशा कोणता व लेखकाने ओरबाडलेला कोणता, हेही त्याला पुरते कळते. या मालिकेत दुसऱ्या प्रकारचा हशा फार आहे.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो कदाचित आपल्याकडच्या नजरेतूनच दिसेल. मालिकेने आपले सगळे वजन आई आणि मुलगा यांच्यावर टाकले. आई मुलाच्या घरात राहायला आली, त्याच्या खाण्यापिण्यात, मित्रमंडळींत आणि प्रेमप्रकरणांत लक्ष घालू लागली, हे अमेरिकेत संकट ठरते. सांगलीत किंवा साताऱ्यात त्यात बातमीसुद्धा नाही. इथली अडचण बहुधा उलटी असते. मुले हिंजवडीला नोकरी करतात, त्यांना आई-वडील सोबत हवे असतात, आणि सांगलीच्या विश्रामबागेतला बंगला सोडून वडील पुण्याच्या सदनिकेत पंधरा दिवसांवर टिकत नाहीत. त्यामुळे नेथनच्या कपाळावरच्या आठ्या पाहून इथल्या आईला हसू येण्याऐवजी त्याचा रागच येण्याची शक्यता अधिक.

वडील लेकीच्या आणि जावयाच्या घरी राहायला येतात, हा धागा मात्र आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचे नाही, हा दंडक पाळणारी माणसे आमच्या मागच्याच पिढीत होती, आणि तो दंडक मोडला तरी त्याचा संकोच अजून पुरता गेलेला नाही. वडील जावयाच्या दिवाणखान्यात वर्तमानपत्र घेऊन बसले आहेत, चहा मागावा की मिळेल तेव्हा घ्यावा हे त्यांना ठरवता येत नाही, आणि जावई मात्र त्यांना नाराज करू नये म्हणून स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरतो आहे: एवढ्या प्रसंगावर एखादा मराठी नाटककार अख्खा अंक लिहील. 'द मिलर्स'मध्ये टॉम हे विसरभोळे, यंत्रांपुढे हतबल झालेले गृहस्थ म्हणून येतात आणि अ‍ॅडमला भंडावून सोडतात. पण डेबी आणि अ‍ॅडमच्या संसारावर या मुक्कामाचा ताण पडेल, त्यातून काही बदलेल, अशी वेळ लेखक सहसा येऊ देत नाहीत. चार दशकांनंतर वेगळे झालेल्या माणसाला एकटेपणाचे काय वाटते, हा प्रश्नही हशाखाली दबून जातो. कल्पनेत जे धाडस होते ते पहिल्या भागातच खर्ची पडले, असे म्हणावे लागते.

दुसऱ्या पर्वात कॅरलचा नवा मित्र किप (शॉन हेज) आणला गेला. हेज उत्तम विनोदी नट आहेत, पण घरातलीच भांडणे नीट रंगत नसताना बाहेरचा माणूस आणून उपयोग होत नाही. २०१३ च्याच हंगामात फॉक्स वाहिनीने मुलांच्या घरी राहायला आलेल्या बापांवर 'डॅड्स' नावाची मालिका काढली होती, ती तर एकाच पर्वात आटोपली. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत अनेक पिढ्या एका छपराखाली राहण्याचे प्रमाण वाढले होते, त्यामुळे विषय समयोचित होता यात शंका नाही.

आई-वडिलांसोबत पाहायची असेल, तर आधी पहिला भाग आपण एकट्याने पाहावा. त्यातील शारीरिक विनोद वडिलांच्या शेजारी बसून ऐकताना आपण रिमोट शोधू लागाल असे वाटले, तर पुढचे भागही त्यांच्यासोबत पाहू नयेत, कारण तो सूर कमी होत नाही. तसे वाटले नाही, तर पहिल्या पर्वातील टॉम आणि अ‍ॅडम एकत्र येणारे भाग निवडून दाखवावेत. इंग्रजी संवादांचा वेग ज्येष्ठांना झेपत नसेल, तर उपशीर्षके सुरू ठेवावीत. दुसरे पर्व वगळले तरी चालेल.