प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये ‘विश्लेषण’ म्हणून नेमकं काय लिहायचं?

तुम्ही विचारलंय की समाजकार्याच्या फील्डवर्कचं प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे सेवार्थीशी (आपण जिला मदत करतो त्या व्यक्तीशी) झालेल्या भेटीची सविस्तर नोंद, पानंच्या पानं लिहूनही ‘नुसतं वर्णन आहे, विश्लेषण नाही’ असा शेरा येतो. तर करायचं काय?

माझ्या मते अडचण विश्लेषणाच्या आधीच सुरू होते. पानाचे चार रकाने करा: संवाद, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, विश्लेषण आणि पर्यवेक्षकांचा शेरा. बहुतेक जण दुसरा रकाना कोरा सोडतात किंवा ‘वाईट वाटलं’ एवढ्यावर भागवतात. मग विश्लेषण करायचं तरी कशाचं?

उदाहरण घ्या. सेवार्थी म्हणते, “घरी आता बोलण्यासारखं काही उरलं नाही.” विद्यार्थी लगेच म्हणतो, “असं म्हणू नका, सगळं ठीक होईल.” दुसऱ्या रकान्यात खरं लिहायचं: ‘ती रडेल या भीतीने मी घाईने बोललो.’ आता विश्लेषण आपोआप सुचतं. हा धीर तिच्यासाठी नव्हता, स्वतःची अस्वस्थता शमवायला होता, आणि त्यामुळे तिचं बोलणं तिथेच थांबलं. त्याऐवजी “काही उरलं नाही... कधीपासून असं वाटतंय?” एवढंच विचारून गप्प बसता आलं असतं. हा पर्यायही लिहायचा. तो नसेल तर विश्लेषण अर्धंच राहतं.

समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी 1957 मध्ये मांडलेली केसवर्कची (एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामाची) सात तत्त्वं सगळ्यांना पाठ असतात. पण ‘स्वीकाराचं तत्त्व वापरलं’ असं लिहून काही सिद्ध होत नाही. कोणत्या वाक्यात वापरलं, आणि त्यानंतर सेवार्थीमध्ये काय बदललं, ते दाखवा.

निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ ही दुसरी नेहमीची चूक. ‘ती नाराज होती’ हे अनुमान झालं. ‘उत्तर देताना तिने दोनदा दाराकडे पाहिलं’ हे निरीक्षण. संवादाच्या रकान्यात फक्त निरीक्षण येऊ द्या. शांतताही नोंदवा, ती किती वेळ टिकली आणि कोणी मोडली यासकट.

अख्खी भेट शब्दशः लिहायची गरज नाही. 45 मिनिटांच्या भेटीतली जिथे वळण आलं किंवा तुम्ही अडखळलात अशी 10-15 मिनिटं सविस्तर लिहा, बाकीचं चार ओळींत उरका. भेट संपल्यावर लगेच मुद्दे टिपा आणि त्याच दिवशी पूर्ण करा. रात्र उलटली की आपण बोललेली वाक्यं आठवणीत नकळत सुधारतात, आणि नेमक्या शिकण्यासारख्या जागा गायब होतात.

हे रेकॉर्डिंग तुमच्या शिकण्यासाठी आहे, संस्थेच्या केस फाइलसाठी नाही. फाइलमध्ये थोडक्यात सारांश जातो: काय घडलं, काय ठरलं, पुढची भेट कधी. इथे मात्र तुमच्या भीती, राग, पूर्वग्रह सगळं असतं. म्हणून नाव, पत्ता, कामाचं ठिकाण, ओळख पटेल असं काहीही न लिहिता सांकेतिक अक्षरं वापरा आणि पानांचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर कधीही टाकू नका.