इंग्रजीतील ‘फास्ट’ या एकाच शब्दाचे अर्थ परस्परविरुद्ध कसे, आणि ते लक्षात कसे ठेवावेत?

‘फास्ट’ म्हणजे वेगवान, तर मग ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला माणूस धावतो कोठे, आणि उपवासालाही हाच शब्द का, असे आपण विचारले आहे. याच शब्दापायी सोलापुरात आमच्या घराला एका हंगामाची कमाई गमवावी लागली होती, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

शहराच्या पूर्व भागात आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना होता आणि सूत रंगवण्याचे काम शेजारच्या गल्लीतील एक वृद्ध रंगारी करत. मुंबईच्या दलालामार्फत एका परदेशी ग्राहकाची 400 डझन टॉवेलांची मागणी आली. पांढरी जमीन आणि लाल काठ. सोबतच्या पत्रात एक वाक्य होते, ‘द रेड मस्ट बी फास्ट.’ पत्रव्यवहार माझे दाजी पाहत, कारण ते इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. त्यांनी वडिलांना अर्थ सांगितला की, लाल माल त्यांना तातडीने हवा आहे.

मी तेव्हा बारावीत होतो. आमच्याच गोदामातील चादरींच्या गठ्ठ्यांवर ‘फास्ट कलर’ असे छापलेली लेबले मी स्वतः खळ लावून चिकटवत असे, त्यामुळे मी म्हणालो, “दाजी, येथे फास्ट म्हणजे पक्का असावा.” त्यावर “लेबल म्हणजे शब्दकोश नव्हे,” एवढे बोलून त्यांनी विषय संपवला. ते पत्र रंगाऱ्यांना कोणी दाखवलेच नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण ‘रंग फास्ट आहे का’ हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा तेलुगूत, कन्नडात आणि मराठीत बोलत असत.

घाईमुळे व्हॅट रंगाऐवजी डायरेक्ट रंग वापरायचे ठरले. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून तो आधी विरघळवावा लागतो, लडी हौदातून वर काढून हवेत धरल्या की त्याचा खरा रंग परत येतो आणि तो धाग्याच्या आतच अडकून बसतो, आणि त्यानंतर उकळत्या साबणाच्या पाण्याची पाळी येते. डायरेक्ट रंगाला गरम पाणी आणि मीठ पुरते, पण धुण्यात तो सुटतो. माल वेळेआधी गेला. काही आठवड्यांनी दलालाने एक धुतलेला टॉवेल नमुन्यादाखल परत पाठवला. काठाची लाली पांढऱ्या जमिनीत वीतभर उतरली होती आणि उरलेला टॉवेल फिकट गुलाबी झाला होता. परत आलेला माल आम्ही सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत मिळेल त्या भावाने विकला आणि घरात पुढे कित्येक वर्षे गुलाबी टॉवेलच वापरले.

आता मूळ प्रश्न. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘घट्ट, न हलणारा’ असा होता, आणि जर्मन भाषेतील ‘फेस्ट’ आजही त्याच अर्थाने वापरला जातो. घट्ट म्हणजे जोर लावून, आणि जोर लावून पळणे म्हणजे वेगाने पळणे, अशा वाटेने वेगाचा अर्थ नंतर आला. हे आपल्याला विचित्र वाटण्याचे काही कारण नाही, कारण ‘दोर जोरात धर’ आणि ‘जोरात पळ’ या दोन्ही वाक्यांत आपलाही शब्द एकच आहे. उपवासाचेही तसेच आहे. नेमाला घट्ट धरून राहणे हा त्यामागचा भाव आहे. आपणही उपवास ‘धरतो’ आणि ‘सोडतो’. सकाळच्या न्याहारीला ‘ब्रेकफास्ट’ म्हणतात ते रात्रभराचा उपवास मोडतो म्हणून.

लक्षात ठेवण्यासाठी अर्थांची यादी पाठ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे. झोप, मैत्री, गाठ किंवा रंग असेल तर घट्टपणा. गाडी किंवा गोलंदाज असेल तर वेग. घड्याळ असेल तर ते पुढे आहे. आणि पत्र ज्या धंद्याचे असेल त्या धंद्यातील माणसाला आधी विचारावे, मग तो अंगठेबहाद्दर का असेना. पदवीधराला त्यानंतर विचारले तरी चालते.

अर्थात, प्रत्येक शब्दाला हा एका मुळाचा हिशेब लागू पडत नाही. चेंडू मारायची ‘बॅट’ आणि वटवाघूळ या अर्थाची ‘बॅट’ हे मुळात दोन वेगळे शब्द असून केवळ उच्चाराने एकत्र आले आहेत, तेथे तर्क लढवून उपयोग नाही. शिवाय आता परदेशी ग्राहक अशी मोघम वाक्ये लिहीत नाहीत. धुण्यातील पक्केपणा 1 ते 5 आणि उन्हातील पक्केपणा 1 ते 8 या श्रेणींत मोजला जातो आणि मागणीपत्रात थेट आकडाच येतो.

दाजी आता निवृत्त झाले आहेत. विषय निघाला की ते आजही म्हणतात, चूक पत्र लिहिणाऱ्याची होती, त्याने ‘कलरफास्ट’ असा जोडशब्द लिहायला हवा होता. तेवढे मात्र मला मान्य आहे.