आमिषाच्या बादलीतली माशांची पिल्लं तासाभरात उलटी होऊन मरत असतील तर भोक कशाने बुजवलंय ते बघा

भाऊ, जिवंत आमिषासाठी बादलीला भोक पाडून टाकी केलीत, झाकण-जाळीही बसवली, तरी पिल्लं मरतात, हे तुमचं वाचून माझाच जुना उन्हाळा आठवला. मरळ पकडायला आमिष म्हणून कयाकवर न्यायची चिलापीची पिल्लं, 20 लिटरची बादली, तळाशी भोक पाडून बसवलेला पंप, हवा जोरात चालू, आणि तरी तासाभरात सगळी उलटी.

झाकण-जाळी तुम्हाला जमलीच आहे, त्यावर बोलत नाही. भोकाभोवती काय लावलंत ते सांगा. मी दुकानदाराने दिलेलं बाथरूमचं सिलिकॉन लावलं होतं. "याला बुरशी धरत नाही," म्हणाला. बुरशी मारायला त्यात जे औषध घालतात, ते माशांनाही बाधतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत 'अँटी-फंगल' छापलेलं होतं, मी वाचलंच नाही. आधी नळाच्या क्लोरीनवर खापर फोडलं, मग गंगापूर धरणाचं पाणी भरून पाहिलं, मग दुसरा एरेटर (हवेचा पंप) आणला. तीन रविवार आणि कितीतरी पिल्लं गेली. शेवटी शेजारी एक कोरी बादली ठेवली, दोन्हींत तेच पाणी, पाच-पाच पिल्लं, हवेच्या एकाच नळीचे दोन फाटे. सकाळी कोऱ्या बादलीतली पाचही पोहत होती. दुसरीतली तळाशी पडलेली, तोंडं उघडी, कल्ले फाकलेले.

खरवडून उपयोग नाही, ती बादली माशांसाठी बाद समजा. नव्या बादलीला टाकीचं निपल (भोकातून जाणारा आट्यांचा जोड), दोन रबरी वॉशर आणि चेकनट लावा, सिलिकॉनच नको. लावायचंच असेल तर मत्स्यटाकीचं घ्या आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या.

खरं विचाराल तर कयाकवर भोक हवंच कशाला? काठावरून सोडलेली हवेची नळी, टोकाला बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड (एअरस्टोन) आणि बॅटरीचा छोटा पंप पुरतो. बादली काठोकाठ भरू नका. 20 लिटर म्हणजे 20 किलो, आणि ते हिंदकळणारं वजन. मी 10-12 लिटरच भरतो, बादली सीटच्या मागे अगदी खाली बांधतो. पाणी गार राहावं म्हणून वरून ओलं गोणपाट टाकतो, कारण 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच.

तुमच्याकडे दोष क्लोरीनचाही असू शकतो, मी बादली पाहिलेली नाही. म्हणून आधी दोन बादल्यांची परीक्षा करा, मगच पैसे घाला. आणि दुसऱ्या तळ्यातून आणलेली उरलेली पिल्लं धरणात सोडू नका, कृपा करून.